उल्हास नावाचं शहर

अंबरनाथ पूर्वेला आमचं घर. जवळच 1060 सालचं शिवमंदिर, आणि तिथून वालधुनीच्या काठाकाठानं उत्तरेला निघालं की उल्हासनगर. पत्ता सांगताना तिथले लोक आजही ‘कॅम्प तीन’, ‘कॅम्प पाच’ असंच म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेले लाखभर निर्वासित तिच्या बराकींत राहू लागले आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी नव्या गावाची कोनशिला बसवली. नाव ठेवलं नदीवरून. पण घरदार मागे टाकून आलेल्यांच्या वस्तीला ‘उल्हास’ हे नाव, याचं मला शाळेत असल्यापासून नवल वाटतं.

अब्बांबरोबर मी तिथल्या एका कापडाच्या दुकानात जायचो. मालकांची म्हातारी आई गल्ल्याशेजारी स्टुलावर बसलेली असायची. सगळे तिला अम्मा म्हणत. ती रात्री दोन-तीनदा उठून दाराची कडी तपासते, असं मालक हसत हसत सांगायचे. फाळणीला तेव्हा पस्तीसहून अधिक वर्षं झाली होती.

या कडीची नोंद कुणी केली? 1950 मध्ये दोन्ही देशांनी आपापल्या मनोरुग्णालयांतल्या शेकडो रुग्णांची धर्म पाहून अदलाबदल केली. मंटोंची ‘टोबा टेक सिंग’ त्यातूनच आली. त्याच वर्षी युनेस्कोच्या वतीनं गार्डनर मर्फी हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ भारतात आले. त्यांच्या अभ्यासाचा विषय होता जमातींमधला तणाव. एक जमात दुसरीविषयी काय बोलते, हे त्यातून कळलं. रात्री कोण जागं राहतं, हा प्रश्न निराळा. डॉ. संजीव जैन आणि डॉ. आलोक सरीन या मानसोपचारतज्ज्ञांनी फाळणीच्या मानसिक परिणामांवर ग्रंथ संपादित केला तो 2018 मध्ये, म्हणजे सत्तर वर्षांनी. त्या काळच्या आपल्याच वैद्यकीय लेखनातलं मौन त्यांना जाणवलं होतं. कथाकार बोलले, डॉक्टर गप्प राहिले. कवी म्हणून मला याचा अभिमान वाटायला हवा, पण वाटत नाही.

आणि जे शास्त्र वाढलं, ते कुणाला विचारून? जेफ्री आर्नेट या अमेरिकन संशोधकानं 2008 मध्ये आपल्या देशातल्या अग्रगण्य मानसशास्त्रीय नियतकालिकांचा हिशेब मांडला. अभ्यासलेल्या माणसांपैकी 96 टक्के पाश्चात्त्य, श्रीमंत देशांतली निघाली, आणि त्या देशांत जगाची जेमतेम 12 टक्के लोकसंख्या. आपल्याकडे बाई ‘मी निराश आहे’ असं डॉक्टरला क्वचितच सांगते. अंग दुखतं, छातीत धडधडतं, झोप लागत नाही, असं सांगते. प्रश्नावलीत तिची भाषा नसेल, तर तिचं दुःखही उतरत नाही.

हे ओळखून झालेलं काम आपल्या शेजारीच आहे. गोव्यात विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ संस्थेतल्या सहकाऱ्यांनी मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना समुपदेशनाचं शिक्षण दिलं. रोगाचं भारी नाव न घेता ते रुग्णाशी ताणाबद्दल बोलायचे. 2010 मध्ये निष्कर्ष आले. सरकारी आरोग्य केंद्रांत आजार पक्का ठरलेल्यांपैकी सुमारे 66 टक्के लोक सहा महिन्यांत बरे झाले. जिथे नेहमीचेच उपचार होते तिथे सुमारे 42 टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही.

2015-16 मध्ये बंगळुरूच्या निम्हान्सनं बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. शंभरातले दहा-अकरा प्रौढ त्रासात होते, आणि बहुतेकांपर्यंत उपचार पोचलेला नव्हता. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. उल्हासनगर नाही, अंबरनाथ नाही, भिवंडी नाही.

भिवंडीत मे 1984 मध्ये दंगल पेटली. झळ कल्याण-ठाण्यापर्यंत आली. काही महिन्यांनी आम्ही कापड घ्यायला गेलो, तेव्हा अम्मानं मला जवळ बोलावलं. आमचं नाव तिला ठाऊक होतं, मामांचं घर भिवंडीत आहे हेही ठाऊक होतं. हळूच म्हणाली, ‘‘बेटा, तेरी अम्मी को नींद आती है?’’

माझी आई त्या दिवसांत रोज रात्री उठून कडी तपासत होती. मी म्हणालो, ‘‘आती है.’’