आठ सेकंदांचा फळा

मंडळी, आपल्या गल्लीच्या तोंडाशी असायचा तो वार्ताफलक आठवतो? काळा फळा, रंगीत खडू आणि वळणदार अक्षराचे एक उत्साही काका. पाणी कधी जाणार, बोर्डात कोण चमकलं, कोण गेलं, सगळं तिथेच कळायचं. इथे अमेरिकेत तो फळा भेटला विजेच्या रूपात, आमच्या गावच्या वाचनालयासमोर! सिग्नलला गाडी थांबली की तो वाचायचा हा माझा जुना नाद. त्यातूनच त्याचं मूळ शोधायची हौस लागली.

त्याचा सर्वांत गाजलेला पूर्वज न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधला. ६ नोव्हेंबर १९२८, अध्यक्षीय निवडणुकीची रात्र. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने आपल्या इमारतीभोवती पाच फूट उंचीचा, १४,८०० दिव्यांचा पट्टा गुंडाळला आणि हूवर निवडून आल्याची बातमी रस्त्यावरच्या गर्दीला फुकट वाचायला मिळाली. लोक त्याला ‘झिपर’ म्हणू लागले. आतली करामत छापखान्यासारखीच. अक्षरांचे साचे खिळ्यांप्रमाणे ओळीने जुळवायचे आणि साखळीवरून सरकवायचे. साचा जिथे टेकेल तिथला दिवा पेटे. दिवे जागचे हलत नसत, पळत ते शब्द! १४ ऑगस्ट १९४५ च्या संध्याकाळी ७ वाजून ३ मिनिटांनी जपानच्या शरणागतीची बातमी याच पट्ट्यावर झळकली, तेव्हा खाली लोटलेल्या जनसागराने एकच जल्लोष केला.

पण असला खर्च गावच्या वाचनालयाला कुठून परवडणार? त्यासाठी एलईडी यावी लागली. १९६२ साली निक होलोन्याक यांनी लाल प्रकाशाची एलईडी बनवली. तेजस्वी निळी यायला मात्र १९९० चं दशक उजाडलं. ती आल्यावर सगळे रंग जमले. निळ्या दिव्याला २०१४ चं नोबेल मिळालं, पण लालवाल्या होलोन्याकना कधीच नाही, हे मला अजून खटकतं.

दिवे स्वस्त झाले तसे हमरस्त्यांवर जाहिरातींचे बदलते फलक आले. वाहनचालकांचं लक्ष विचलित होईल म्हणून वाद पेटले. २००७ साली केंद्रीय महामार्ग खात्याने अशा फलकांना वाट मोकळी केली. एक मजकूर निदान आठ सेकंद स्थिर असावा, ही त्यातली शिफारस.

जाहिरातदार आठ सेकंद विकत घेतो. ज्यांच्याकडे पैसा नाही आणि स्वतःची जागाही नाही, त्यांनी काय करावं? ॲरिझोनातल्या गिल्बर्ट गावात एका छोट्या चर्चची हीच अडचण होती. त्यांची प्रार्थना कधी शाळेत, कधी आणखी कुठे. अगदी आपल्या मंडळासारखं! पत्ता दाखवणाऱ्या त्यांच्या पाट्यांना गावचा नियम होता: कार्यक्रमाआधी १२ तास आणि नंतर एक तास, बस्स. निवडणुकीच्या पाट्या मात्र त्याहून मोठ्या आणि कितीतरी जास्त दिवस चालत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१५ साली सर्व नऊ न्यायमूर्तींनी चर्चच्या बाजूने कौल दिला. रविवारी सकाळी शाळेच्या वळणावर ‘गणेशोत्सव’ लिहिलेला बाण ठोकताना मला त्या चर्चची हटकून आठवण येते.

वाचनालयाचा फलक गावाच्या मालकीचा. तिथे हक्क सांगून चालत नाही, विनंतीच करावी लागते. ती आम्ही केली. “इंग्रजीखेरीज दुसरी अक्षरं यात नाहीत,” असं पहिल्या वर्षी उत्तर मिळालं. १९२८ च्या साच्यांच्या यंत्राबाबत ते खरंच होतं. पण आजचा फलक म्हणजे नुसते ठिपके, त्याला अक्षर काय आणि चित्र काय! पुढच्या वर्षी मंडळातल्या एका मुलीने ‘गणपती बाप्पा मोरया’ घरी संगणकावर काढून चित्र म्हणून पाठवलं. ते चाललं. भारतातून आलेल्या आजी-आजोबांना घेऊन आम्ही समोरच्या फुटपाथवर उभे राहिलो. आठ सेकंद मोरया, मग पुस्तकविक्रीची सूचना, मग गावातल्या पाणी बंदची वेळ, मग पुन्हा मोरया. आजी चार फेऱ्या होईपर्यंत हलल्या नाहीत.