उरची कवयित्री व तिची देवता

ग्रंथारंभीं देवतांना वंदन करण्याची आमच्या जुन्या ग्रंथकारांची रीति वाचकांच्या परिचयाची आहे. शके १२१२ मध्यें सिद्ध झालेल्या आपल्या गीताटीकेंत ज्ञानेश्वरांनीं गणेशामागून शारदेला नमन केलें. समर्थांनीं दासबोधाच्या पहिल्या दशकांतील तिसरा समास सबंध तिलाच वाहिला. या थोरांच्या वाणींत जें जिवंत आहे तें पुढें ठराविक होत गेलें. सामान्य प्रतीचा कवि शारदेचें स्तवन करूं लागला म्हणजे चतुर वाचक दोन पानें उलटून पुढें जातो. एके काळची अंतःकरणाची निकड अशी शिष्टाचार होऊन बसली म्हणजे, देवतेपासून कवीला नेमकें मिळतें तरी काय, हा प्रश्न कोणी विचारीतच नाहीं. तो विचारावयाचा तर ही रीति जेथें अद्याप पडलेलीच नव्हती अशा काळापर्यंत मागें गेलें पाहिजे, आणि सुदैवानें तसें जातां येतें. सुमारें चार हजार तीनशें वर्षांपूर्वीं, आजच्या इराकच्या दक्षिण भागांतील उर नांवाच्या नगरींत राहणाऱ्या एका स्त्रीच्या नांवावर देवतेला उद्देशून रचलेलीं काव्यें आहेत, आणि त्या काव्यांत तिचें नांव गोंविलेलें आहे. ज्यांचीं नांवें आज ठाऊक आहेत अशा जगांतील सर्व ग्रंथकारांत तीच पहिली होय, असें पुष्कळ पंडित मानतात. तिचें नांव एन्हेदुअन्ना.

हें तिचें जन्मनांव नव्हे. पदाबरोबर आलेलें नांव आहे. सुमेरी भाषेंत 'एन' म्हणजे मुख्य पुजारीण, 'हेदु' म्हणजे भूषण आणि 'अन्ना' म्हणजे आकाशाचें. तिचा बाप अक्कादचा राजा सार्गोन. यानें दक्षिणेकडील सुमेरी नगरें एकामागून एक जिंकून एका सत्तेखालीं आणिलीं. जिंकणाऱ्यांची अक्कादी भाषा सेमिटिक कुळांतील. जिंकलेल्यांची सुमेरी भाषा अगदींच निराळी, आणि लेखनविद्येंत तेच वडील. अशा स्थितींत सार्गोननें आपली कन्या उरच्या चंद्रदेवाच्या, म्हणजे नान्नाच्या, देवळांत एन म्हणून बसविली. हेतु उघड उघड राजकीय होता. तरवारीनें घेतलेलें राज्य देवळाच्या आधारावांचून टिकत नाहीं, हें त्या राजाला पुरें कळलें होतें. ही युक्ति इतकी लागू पडली कीं, पुढें सुमारें पांचशें वर्षें ज्याच्या हातीं उर येई तो राजा आपल्या घरची कन्या त्या पदावर बसवी.

एन ही नान्नाची पत्नी मानली जाई. देवाशीं लग्न ही कल्पना मराठी वाचकास नवी नाहीं. परंतु खंडोबाच्या मुरळीच्या वाट्याला आलेली अवस्था आणि उरच्या एनची प्रतिष्ठा यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. एनच्या हाताखालीं कारभारी होते, लेखक होते, जमीनजुमला होता. लिओनार्ड वूली यांनीं १९२२ पासून १९३४ पर्यंत उर येथें उत्खनन केलें. त्यांत १९२७ सालीं एनच्या निवासस्थानाच्या जागीं सुमारें पंचवीस सेंटिमीटर व्यासाची एक पांढऱ्या दगडाची तबकडी तुटलेल्या स्थितींत मिळाली. ती आज अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथील विद्यापीठाच्या संग्रहालयांत आहे. तिच्यावर कोरलेल्या चित्रांत एक पुरुष देवापुढें अर्घ्य ओतीत आहे, आणि त्याच्या मागें झालरीझालरींचें वस्त्र नेसलेली, डोक्यावर पदाचें शिरोभूषण असलेली एक स्त्री हात वर करून उभी आहे. तबकडीच्या पाठीवरील लेखांत ती नान्नाची पत्नी व सार्गोनची कन्या एन्हेदुअन्ना असल्याचें म्हटलें आहे. याखेरीज तिच्या पदरच्या माणसांच्या मोहराही सांपडल्या असून त्यांतील एक तिची केशरचना करणाऱ्या सेवकाची आहे. राजकन्येच्या अस्तित्वाला तिच्या न्हाव्यानें साक्ष द्यावी, ही इतिहासाची गंमतच म्हणावयाची.

आतां मुख्य विषय. सार्गोनचा नातू नराम-सिन याच्या काळीं राज्यांत ठिकठिकाणीं मोठें बंड झालें. उर येथें लुगाल-अने नांवाचा पुरुष बळावला व त्यानें या वृद्ध एनला पदच्युत करून नगराबाहेर घालविलें. नराम-सिन हा तिचा भाचा. पण तो त्या वेळीं स्वतःच संकटांत होता. तिच्या नांवावर असलेलें 'सर्व मे-शक्तींची स्वामिनी' या अर्थाच्या शब्दांनीं सुरू होणारें स्तोत्र याच प्रसंगाचें आहे. त्याच्या ओळी सुमारें दीडशें.

या स्तोत्राची मांडणी पाहण्याजोगी आहे. आरंभीं याचना नाहीं. इनान्ना या देवतेच्या उग्र सामर्थ्याचें वर्णन एकामागून एक येत जातें: ती महापुरासारखी उतरते, वादळासारखी गर्जते, तिच्या कोपानें पर्वत नमतात, तिला न मानणाऱ्या नगरींतून संसारसुख निघून जातें. स्तोत्राचा बराच मोठा भाग असा गेल्यावर कवयित्री पुढें येते आणि आपलें नांव उच्चारते. मग तिचें गाऱ्हाणें सुरू होतें. पदाचा मुकुट हिरावला गेला, हातीं शस्त्र देऊन हेंच तुला शोभतें असा उपहास झाला, कांटेरी रानांत भटकणें कपाळीं आलें. आणि या सर्वांवर कळस म्हणजे आपलें गोड बोलणारें मुखच बिघडून गेलें, अशी तिची तक्रार आहे. आम्हांस हें शेवटचें दुःख फार महत्त्वाचें वाटतें. पद जाणें ही राजकन्येची हानि; पण वाणी जाणें ही कवीची हानि होय.

येथें एक प्रश्न सहजच उभा राहतो. ती नान्नाची पत्नी. तिनें हांक मारावयाची ती नान्नाला. तिनें ती मारलीही. पण नान्ना गप्प राहिला; त्यानें निवाडा दिला नाहीं, असें ती स्पष्ट सांगते. ज्या देवाची सेवा जन्मभर केली त्याच्याकडून उत्तर येत नाहीं, तेव्हां ती त्याच्या मुलीकडे वळते. या वळण्यांत स्तोत्राचा सारा जोर आहे. नान्ना बोलला नाहीं, याचा अर्थ अधिकार आतां इनान्नेकडे आला, असा युक्तिवाद करून ती देवतेची एकेक थोरवी जगाला कळो, कळो, असें घोकीत जाते. आपल्याला न्याय मिळावयाचा तर देवता सर्वांहून थोर ठरली पाहिजे, आणि ती थोर ठरावयाची तर आपण तसें काव्य रचलें पाहिजे: असा हा दुहेरी व्यवहार आहे. शारदेकडे आमचा कवि शब्द मागतो. ही कवयित्री आपल्या शब्दांनीं देवतेला वर चढविते व त्याच शिडीनें स्वतः वर येते.

इनान्नाच कां, याचें उत्तर तिच्या कथांत सांपडतें. 'मे' म्हणजे संस्कृतींतील सर्व अधिकार, कला व आचार यांच्या मूळ शक्ति. त्या एरिदु येथील एन्की या ज्ञानी देवाच्या ताब्यांत होत्या. इनान्ना त्याच्याकडे पाहुणी गेली. पानगोष्टींत रंगलेल्या एन्कीनें शक्तींमागून शक्ति तिला देऊन टाकिल्या. शुद्धीवर येऊन त्यानें त्या परत आणण्यास दूत धाडले, तोंवर ती नौका भरून आपल्या उरुक नगरीच्या वाटेस लागली होती. या सुमारें शंभर शक्तींच्या यादींत राज्यपद आहे, पौरोहित्य आहे, सुताराची व लोहाराची कारागिरी आहे, लेखकाची विद्या आहे. आणि त्यांच्याच पंक्तीला नगरांची लूट, विलाप व असत्यही आहे. कलांची देवता म्हणतांच आपल्या डोळ्यांपुढें शुभ्रवस्त्रा वीणाधारिणी उभी राहते. सुमेरी मनुष्याच्या डोळ्यांपुढें उभी राहे ती शेंकडों गोष्टी हिसकावून आणणारी तरुण देवता, प्रीतीची तशीच युद्धाचीही. सर्वस्व हिरावल्या गेलेल्या स्त्रीनें अशीकडे धांव घ्यावी, हें स्वाभाविक होतें.

स्तोत्राच्या अखेरीस कवयित्री आपल्या रचनेविषयीं बोलते. हें गीत आपण देवतेकरितां प्रसविलें, असें ती म्हणते; आणि मध्यरात्रीं जें आपण म्हटलें तें भाटानें दुपारीं पुनः म्हणावें, अशी योजना सांगते. मध्यरात्रीचा एकान्त आणि दुपारची सभा यांमधील जें अंतर, तेंच काव्यनिर्मितीचें क्षेत्र होय. या ठिकाणीं ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील वाक्सूक्ताची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. त्या सूक्ताची ऋषि अंभृणाची कन्या वाक् आहे व देवताही वाक्‌च आहे. बोलणारी आणि जिच्याविषयीं बोलणें चाललें आहे ती, या दोघी तेथें एक होऊन गेल्या आहेत. उरची कवयित्री असें अद्वैत मानीत नाहीं. तिचें 'मी' निराळें राहतें, 'तूं' निराळें राहतें, आणि म्हणूनच दोघींत भांडण, आर्जव व सलोखा यांना जागा उरते. शेवटीं देवतेचें हृदय शांत झाल्याचें व प्रार्थना स्वीकारल्याचें सांगून स्तोत्र संपतें.

हें 'मी' खरोखर तिचेंच कशावरून, असा आक्षेप आहे, आणि तो पोरकट नव्हे. तिच्या नांवावरील काव्यांच्या ज्या प्रति मिळाल्या त्या बहुतेक तिच्यानंतर पांचशें वर्षांच्या, इ. स. पूर्व अठराव्या शतकाच्या आगेमागें लिहिलेल्या. निप्पुर इत्यादि ठिकाणच्या लेखनशाळांत विद्यार्थ्यांना अभ्यासासाठीं हें स्तोत्र उतरून काढावें लागे. म्हणूनच त्याच्या प्रति इतक्या विपुल आहेत. त्यांतील भाषेवर नंतरच्या काळाची छाया दिसते. तिच्या नांवें असलेल्या बेचाळीस मंदिरस्तोत्रांच्या संग्रहांत तर तिच्यामागून दोनेकशें वर्षांनीं झालेल्या शुल्गी राजाच्या देवळाचेंही स्तोत्र आहे. तें अर्थात् मागाहून घातलें गेलें. यावरून कांहीं पंडित सर्वच रचना उत्तरकालीन लेखकांनीं तिच्या नांवावर खपविली असें म्हणतात. आमच्या मतें इतकें पुढें जाण्याचें कारण नाहीं. आपल्याकडे नामदेवांच्या व जनाबाईंच्या गाथांत प्रक्षिप्त अभंग शिरले म्हणून नामदेव-जनाबाईंनीं अभंग रचलेच नाहींत असें कोणी म्हणत नाहीं. शिवाय पांचशें वर्षांनंतरच्या पुरुष लेखकांना एखादें श्रेष्ठ स्तोत्र कोणाच्या तरी नांवावर घालावयाचें झालें, तर त्यांनीं एका पदच्युत स्त्रीचें नांव निवडावें, यालाही कांहीं पूर्वपरंपरा असलीच पाहिजे. तात्पर्य, हा वाद निर्णायकपणें मिटला नसला तरी परंपरेचा कौल तिच्याच बाजूचा आहे.

एकोणिसशें अडुसष्ट सालीं हॅलो व व्हान डाइक या दोन विद्वानांनीं हें स्तोत्र संपादून भाषांतरासह प्रसिद्ध केलें, आणि त्यानंतर ती पंडितांच्या खोलींतून बाहेर आली. युरोप-अमेरिकेंत तेव्हां स्त्रियांचा एक वर्ग जुन्या देवताकथांत आपल्या निर्मितीला आधार शोधूं लागला होता. १९८३ मध्यें सॅम्युएल नोआ क्रेमर हे सुमेरी भाषेचे पंडित व डायन वोल्कस्टाइन या कथाकथनकार यांनीं मिळून इनान्नेच्या कथा सामान्य वाचकांस दिल्या. न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथसंग्रहालयांत २०२२ सालीं एन्हेदुअन्नेला केंद्र करून प्रदर्शनही भरलें. इनान्ना पाताळांत उतरते, सात दरवाजांवर एकेक अलंकार व वस्त्र काढून द्यावें लागतें, शेवटीं तिचें प्रेत खुंटीला टांगलें जातें व मग ती पुनः उठते, ही कथा लेखणी आटल्याच्या दिवसांचें रूपक म्हणून वाचणारे कलावंत आज पुष्कळ आहेत.

या वाचनाला आमची हरकत नाहीं. पुराणकथा प्रत्येक पिढीनें आपल्या कामासाठीं वापरलीच आहे. एकनाथांनीं गोंधळ, जोगवा हे देवीचे लोकाचार उचलून त्यांतून अध्यात्म सांगितलें, तें याहून निराळें काय होतें? मात्र कांहीं ग्रंथांत इनान्ना ही थकल्या मनाला थोपटणारी माउली होऊन येते, तेव्हां मूळ कथा हातची सुटते. पाताळांतून वर येतांना तिला आपल्या जागीं दुसऱ्या कोणाला तरी द्यावें लागतें, आणि आपल्या मृत्यूचा शोक न करितां सिंहासनावर बसलेला पति दुमुझी पाहतांच ती त्यालाच यमदूतांच्या हवालीं करिते. अशा देवतेपाशीं सांत्वन मागावयास जाणें हें जरा धाडसाचेंच. एन्हेदुअन्नेनें तें मागितलेंही नाहीं. तिनें निवाडा मागितला.

आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली. सुमेरी लोकांत लेखनविद्येची अशी निराळी देवता होती. तिचें नांव निसाबा. धान्याचीही देवता तीच, कारण लेखणीचा बोरू व धान्याचें कणीस दोन्ही एकाच ओल्या मातींतून वर येत. विद्यार्थी आपल्या लेखाच्या अखेरीस तिची स्तुति लिहीत. आमच्या शारदेची सख्खी बहीण शोभावी अशी ही देवता. पण संकटकाळीं कवयित्रीनें हिला हांक मारलेली नाहीं. तिचा मान तिनें निराळ्या ठिकाणीं राखला आहे. मंदिरस्तोत्रांच्या संग्रहांत सुमेर व अक्काद या दोन्ही प्रदेशांतील देवळें एकेक करून येतात, आणि बेचाळिसावें, सर्वांत शेवटचें स्तोत्र एरेश येथील निसाबेच्या देवळाचें आहे. त्याच्या लगत, संग्रह संपतो त्या जागीं, या पाटीची रचना करणारी एन्हेदुअन्ना असल्याचें लिहिलें असून, पूर्वीं कोणीं निर्माण केलें नव्हतें असें कांहीं येथें निर्माण झालें आहे, हें राजाला निवेदन केलेलें आहे.