दहा मीटरच्या खालचं पाणी

विहिरीवर मोटर बसवणारा माणूस सगळ्यात आधी वाकून पाणी किती खाली आहे ते बघतो. पाणी पंचवीसेक फुटांच्या खाली गेलं असेल, तर काठावरची मोटर ते उचलत नाही; मोटरच विहिरीत खाली उतरवावी लागते. जास्त हॉर्सपॉवरची घेतली तर? तरीही नाही. पाणी ओढणाऱ्या पंपाला अशी एक हद्द असते, हे युरोपातल्या कारागिरांना चारशे वर्षांपूर्वीही अनुभवाने ठाऊक होतं. ती का असते, हे मात्र कुणाला नीट सांगता येत नव्हतं. शाळेच्या पुस्तकात 'वातावरणाचा दाब' नावाचा जो धडा असतो, त्याचा उगम या अडून बसलेल्या पंपांत आहे.

१६३८ साली छापल्या गेलेल्या गॅलिलिओच्या पुस्तकात असा एक पंप भेटतो. पाणी अठरा हातांच्या, म्हणजे साधारण दहा मीटरच्या खाली गेलं की तो बंद पडतो. दुरुस्तीला बोलावलेला कारागीर सांगतो की पंप ठणठणीत आहे, पाणी याहून वर चढतच नाही. तेव्हाचे पंडित म्हणत की निसर्गाला पोकळी सहन होत नाही, म्हणून ती भरायला पाणी वर धावतं. मग निसर्गाची ही असहनशीलता नेमकी अठरा हातांवर का संपावी? गॅलिलिओचं उत्तर होतं की लांब दोर स्वतःच्याच वजनाने तुटतो, तसा पाण्याचा खांब तुटतो. गंमत म्हणजे हवेला वजन असतं हे त्याला माहीत होतं, ते त्याने प्रयोग करून मोजलंही होतं. जिनोव्हाच्या बालियानीने तर १६३० मध्येच त्याला कळवलं होतं की यामागे हवेचं वजन असावं. गॅलिलिओला ते पटलं नाही.

आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर सगळे चुकीच्या फाइलमध्ये बग शोधत होते. नळीच्या आत काय होतंय हे जो तो बघत होता, आणि कारण नळीच्या बाहेर होतं.

ते पाहिलं इव्हांजेलिस्टा तोरिचेल्लीने. गॅलिलिओच्या अखेरच्या महिन्यांत तो त्याच्यासोबत होता. रोममध्ये गास्पारो बेर्ती याने १६४० च्या सुमारास घराच्या भिंतीला दहा मीटरहून उंच शिशाची नळी लावून पाण्यावर प्रयोग केला होता, पण एवढं धूड हाताळणार कोण? तोरिचेल्लीने पाण्याऐवजी पारा घ्यायचं ठरवलं. पारा पाण्याच्या साडेतेरा पटींहून जड, म्हणजे खांबही तितक्याच पटीने बुटका होणार. १६४४ च्या सुमारास विव्हियानी या सहकाऱ्याने प्रयोग केला. एका बाजूने बंद असलेली काचेची नळी पाऱ्याने भरली, तोंडावर बोट धरून पाऱ्याच्या भांड्यात उलटी केली आणि बोट काढलं. पारा थोडा उतरला आणि सुमारे ७६ सेंटिमीटरवर थांबला. पाण्याच्या हिशेबात हे होतात १०.३ मीटर.

तोरिचेल्लीचं म्हणणं असं, की नळीतलं काहीच पाऱ्याला वर ओढत नाही. भांड्यातल्या पाऱ्यावर बाहेरची हवा रेलून बसली आहे, ती त्याला नळीत वर ढकलते. हवेचा रेटा आणि खांबाचा भार सारखे झाले की चढणं संपलं. पंपसुद्धा पाणी ओढत नाही. तो पाण्यावरची हवा काढून वाट मोकळी करतो, ढकलण्याचं काम बाहेरची हवा करते. उसाचा रस स्ट्रॉने पिताना आपणही एवढंच करतो. हवेची ही ताकद म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलोचा भार. तळहातावर त्या हिशेबाने शंभरेक किलो होतात. हात दबत नाही, कारण हवा खालूनही तेवढीच दाबते.

पण हे खरं कशावरून? हवेचा भार हेच कारण असेल, तर उंच जागी डोक्यावरची हवा कमी आणि पाऱ्याचा खांबही कमी भरायला हवा. ही परीक्षा फ्रान्समध्ये ब्लेझ पास्कलने घडवून आणली. तो स्वतः पॅरिसमध्ये होता, तब्येत तोळामासा. डोंगर चढला त्याचा मेहुणा फ्लोरँ पेरिए. क्लेरमाँ गावाजवळचा पुय द डोम हा डोंगर १४६५ मीटरचा, महाबळेश्वरपेक्षा थोडासाच उंच. १९ सप्टेंबर १६४८ ला पेरिए गावातली काही मंडळी घेऊन निघाला.

मला या प्रयोगात सगळ्यात आवडते ती त्याची शिस्त. पेरिएने पायथ्याच्या मठाच्या बागेत दोन नळ्या मांडल्या. दोन्हींत पारा सारखाच चढला. मग एक नळी तिथेच ठेवून एका साधूला दिवसभर तिच्यावर नजर ठेवायला बसवलं, कारण खांब हवापालटाने हलला की उंचीमुळे, हा वाद नंतर उरायला नको. वर पोचल्यावर पेरिएने एका मोजणीवर समाधान मानलं नाही. जागा बदलून, आडोशाला आणि उघड्यावर अशी पाच वेळा मोजणी केली. दर वेळी खांब पायथ्यापेक्षा तीन इंचांहून जास्त कमी. उतरताना मध्येच मोजलं तर आकडा मधला. खाली साधूची नळी दिवसभर जागची हलली नव्हती. आज अ‍ॅपमध्ये नवीन बटण टाकताना अर्ध्या लोकांना जुनंच दाखवतात, ती पद्धत याहून फार वेगळी नाही.

हवामानाच्या अ‍ॅपमध्ये 'हेक्टोपास्कल' दिसतं, ते याच पास्कलच्या नावाने. बऱ्याच फोनमध्ये दाब मोजणारी बारीकशी चिप असते. तुमच्या फोनमध्ये असेल तर जिन्याने दहा मजले चढून बघा. आकडा तीनेकने उतरतो.

दहा मीटरची हद्द मात्र कुणालाच हटवता आली नाही, फक्त बगल देता आली. आपल्याकडे काळ्या कातळात खोल बोअर मारायला सुरुवात झाली तेव्हा पाणी तीस-चाळीस मीटरवर लागायचं. ते वरून ओढणं शक्यच नव्हतं. म्हणून हापशाचा दट्ट्या असलेला सिलिंडर लोखंडी सळयांना जोडून थेट पाण्यात सोडतात. तिथून पाणी ओढायचं नसतं, उचलायचं असतं. बिडाचे जुने हापसे अख्ख्या गावाच्या वापराने सतत मोडायचे. जालना आणि सोलापूरच्या मिशन कार्यशाळांतल्या लोकांनी ते पोलादात नव्याने घडवले. सोलापूरच्या पंपावरूनच १९७० च्या दशकात 'इंडिया मार्क टू' तयार झाला आणि देशभर, पुढे आफ्रिकेतही गेला. त्याचा दांडा जड लागतो, कारण दर हापशाला आपण त्या सळया आणि पाण्याचा तीस मीटरचा खांब हाताने वर उचलत असतो.