माजी विद्यार्थी आणि विद्यापीठ प्रवेशाची वाट

शाळा सोडून गेलेल्या विद्यार्थ्याने परत येऊन अकरावी-बारावीच्या मुलांना प्रवेशाविषयी मार्गदर्शन करण्याचा प्रघात निवासी शाळांतून विशेष रुजलेला आढळतो. जवाहर नवोदय विद्यालये हे त्याचे ठळक उदाहरण होय. १९८५-८६ मध्ये झज्जर (हरियाणा) व अमरावती येथे प्रायोगिक तत्त्वावर पहिली दोन विद्यालये निघाली. सहावी ते बारावीच्या या शाळांत किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. विद्यापीठाचा अर्ज कधी कोणी भरलेलाच नाही, अशा घरांतून आलेली मुले येथे पुष्कळ. वडिलांना विचारावे तर त्यांनाही ठाऊक नसते. मग उरतो तो वसतिगृहात वरच्या खाटेवर झोपणारा दादा वा ताई.

पूर्वी हे मार्गदर्शन प्रामुख्याने अभियांत्रिकी व वैद्यकीय प्रवेशापुरते असे. केंद्रीय विद्यापीठांतील पदवी प्रवेशासाठी २०२२ मध्ये सीयूईटी ही सामाईक परीक्षा सुरू झाल्यावर त्याचा विस्तार झाला. २०२५ मध्ये परीक्षेसाठी जास्तीत जास्त पाच विषय निवडण्याची मुभा होती. तथापि ही निवड आवडीनुसार करून भागत नाही. हव्या असलेल्या अभ्यासक्रमाला विद्यापीठ कोणते विषय ग्राह्य धरते, ते आधी पाहावे लागते. शिवाय परीक्षा दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला, असा समज सर्रास आढळतो. दिल्ली विद्यापीठासाठी स्वतंत्र नोंदणी करून महाविद्यालय व अभ्यासक्रम यांचा पसंतीक्रम द्यावा लागतो. मिळालेली जागा मुदतीत स्वीकारली नाही तर ती हातची जाते.

खरी अडचण दाखल्यांची. राज्याच्या व केंद्राच्या जात प्रमाणपत्रांचे नमुने निराळे असतात. महाराष्ट्रात विमुक्त जाती व भटक्या जमातींना स्वतंत्र आरक्षण आहे, केंद्रात तसे नाही. त्यांतील अनेक जाती केंद्राच्या ओबीसी यादीत मोडतात. दिल्ली विद्यापीठ नॉन-क्रीमी लेयरचा दाखला चालू आर्थिक वर्षाचा, म्हणजे ३१ मार्चनंतरचा मागते. गुण उत्तम, पण कागद गेल्या वर्षीचा, एवढ्यावरून राखीव जागेवरील हक्क धोक्यात येतो. राज्यातील अभियांत्रिकीसारख्या व्यावसायिक प्रवेशांसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते, ते वेगळेच.

म्हणूनच मार्गदर्शक निवडताना शाळांनी थोडा विचार करावा. शाल-श्रीफळ स्वीकारून जिद्दीवर बोलणारे मोठे अधिकारी जरूर बोलवावेत. मुलांना त्यांचा अभिमान वाटतो. परंतु त्यांचा प्रवेश वीस वर्षांपूर्वीचा. पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातला विद्यार्थी अधिक उपयोगी पडतो, कारण त्याने हेच अर्ज नुकतेच भरलेले असतात आणि आपण कोठे चुकलो हे तो संकोच न करता सांगतो. मात्र नियम दरवर्षी बदलतात. त्यामुळे त्याचे सांगणेही चालू वर्षाच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहावे.

भेट शक्यतो बोर्डाच्या परीक्षेपूर्वी, हिवाळ्यात व्हावी. एकदा परीक्षा संपून मुले गावी पांगली, की सेतू केंद्राच्या रांगेत उभे असताना विचारायला दादाचा दूरध्वनी क्रमांक तेवढा जवळ असतो.