मोट, इंजिन, मोटर: खर्च गेला कुठे?

भुसावळजवळ दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्रात 1968 साली 62.5 मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला, तेव्हा खानदेशातल्या विहिरींवर मोट, डिझेल इंजिन आणि विजेची मोटर अशी तिन्ही साधने नांदत होती. पुढे मोटर जिंकली ती स्वस्त होती म्हणून, असे सरसकट सांगितले जाते. हे अर्धेच खरे आहे. मोटरीने खर्च जेवढा कमी केला, त्याहून जास्त तो शेताबाहेर नेऊन ठेवला. मोटेचा हिशेब डोळ्यांसमोर असे. नाडा, सोंदूर, चामडे, चाक, यांतले काही तुटले तर गावातच सांधले जाई आणि मोबदला बलुत्यातून फिटे. खरा भार वैरणीचा, कारण मोट थांबली तरी बैल खायचे थांबत नसत. इंजिनाने ते उलटे केले: चालेल तेवढेच तेल. पण पाच अश्वशक्तीचे इंजिन तासाला साधारण लिटरभर डिझेल पिई, आणि नोझल किंवा पिस्टनच्या रिंगा गेल्या की मिस्त्रीची वाट पाहणे आले. उन्हाळ्यात केळी तेवढी वाट पाहत नाही. 1973 च्या तेलसंकटाने तुलना आणखी मोटरीकडे झुकली. दीपनगरला 1979 आणि 1982 साली 210 मेगावॅटचे दोन संच उभे राहिले. त्याच काळात शेतीपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीवर आकारणी आली. पंप तासभर चालो की रात्रभर, बिल तेवढेच.

यावर कोणी म्हणेल, मोटर मुळातच काटकसरी यंत्र आहे. शेतातल्या यंत्रापुरते ते खरे आहे. तिला ना रिंगा ना नोझल, विजेचा दाब कमी होऊन वाइंडिंग जळाले तरच ती दुकानात जाते. पण एका युनिटमागे औष्णिक केंद्रात साधारण पाऊण किलो कोळसा जळतो. म्हणजे पाच अश्वशक्तीची मोटर तासभर चालवायची तर तीन किलोंहून जास्त कोळसा, आणि त्यातून किलोभर राख. कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा वीज होतो, त्यातलाही काही वाटेत तारांत गळतो; उष्णतेच्या हिशेबात लहान डिझेल इंजिन मोटरीहून फारसे वाईट ठरत नाही. कोळसा डिझेलपेक्षा स्वस्त, म्हणून रुपयांचा हिशेब वेगळा दिसला. बॉयलरच्या गळक्या नळ्या, राखेने झिजणारी यंत्रे, हतनूर धरणाचे पाणी, हा सारा देखभालखर्च शेतकऱ्याच्या बिलावर कधी उमटलाच नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: या विजेवाचून रावेर-यावलची केळी एवढी पसरली असती का? बहुधा नसती, आणि त्या बागांनी हजारो घरे उभी केली हे नाकारून चालणार नाही. मात्र पाण्याचा उपसा बिलात न दिसल्याने तो किती होतो हेही दिसेनासे झाले. भूजलाच्या अतिउपशासाठी हेच दोन तालुके ओळखले जाऊ लागले. 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे. पण बोअर खोल गेली की पाइप, केबल आणि सबमर्सिबल वर काढण्याची मजुरी शेतकऱ्याच्याच खिशातून जाते.