लाही आणि गणंग

श्रावण लागून पंचमी दोन दिवसांवर आली, म्हणजे मराठवाड्यांतील घरोघरीं ज्वारीच्या लाह्यांचा खमंग वास सुटतो. पंचमीच्या दिवशीं पुष्कळ घरांत तवा चढवीत नाहींत आणि विळीस हात लावीत नाहींत. तेव्हां लाह्या आधींच करून ठेवाव्या लागतात. त्या सुपांत पाखडल्या कीं पांढरीं फुलें वर राहतात आणि तळाशीं कांहीं करपलेले, दाढ हालवून सोडतील असे दाणे उरतात. त्यांस आपण गणंग म्हणतों. निरुपयोगी मनुष्यासही आपण हेंच नांव देतों. यावरून या दाण्यांविषयीं समाजाचें मत काय आहे तें उघड होतें. आम्ही येथें लाहीचा इतिहास सांगणार आहों खरे, परंतु आमची सहानुभूति प्रथमपासून गणंगाकडे आहे, ही गोष्ट वाचकांपासून लपवून ठेवीत नाहीं.

लाही हा शब्द संस्कृत 'लाजा' यापासून आला. वाजसनेयी संहितेंत लाजांचा उल्लेख आढळतो, आणि विवाहांतील लाजाहोमांत वधूच्या ओंजळींत तिचा भाऊ आजही लाह्या घालतो. त्या लाह्या साळीच्या. ज्वारी मूळची आफ्रिकेची, आणि मका तर अमेरिकेचा. पेरू देशाच्या किनाऱ्यावरील हुआका प्रिएता व पारेदोनेस येथें सांपडलेल्या अवशेषांवरून तेथील लोक सुमारें ६,७०० वर्षांपूर्वीं मक्याच्या लाह्या करून खात असत, असें संशोधकांनीं २०१२ सालीं प्रसिद्ध केलें. आपल्याकडे तुकोबांनीं भाजलेल्या बीजाची लाही घेऊन जन्ममरण चुकल्याचा दृष्टांत दिला. बिचाऱ्या गणंगाची गति मात्र कोणी विचारली नाहीं. तो फुलत नाहीं, आणि एकदां भाजला गेल्यावर उगवतही नाहीं.

हा विषय आम्हांस सुचला तो इस्लापुरीं. पैनगंगेच्या सहस्रकुंड धबधब्याजवळचें हें गांव आज नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यांत आहे. परंतु १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वीं तें हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यांत, बोथ तालुक्यांत मोडत असे. त्या वर्षींच्या कायद्यांत किनवट व राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यापैकीं इस्लापूर सर्कल मुंबई राज्यास जोडल्याचें नांव घेऊन लिहिलें आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं गांवाचा प्रांत बदलला, चूल बदलली नाहीं. तेलंगणांत ज्वारीच्या लाह्यांस पेलालु म्हणतात, व त्यांचें पीठ गुळांत कालवून आषाढ शुद्ध एकादशीस खातात. मराठवाड्यांत तीन-साडेतीन आठवड्यांनीं नागपंचमीस तीच लाही सुपांत येते. दोन भाषांच्या शिवेवरील गांवांत लाही कोणाची हा वाद घालण्यांत अर्थ नाहीं.

तेथें आमच्या परिचयाच्या एका घरीं लाह्या चालल्या होत्या. ज्वारी आदल्या दिवशीं कढत पाण्यांतून काढून, निथळून, रात्रभर फडक्यांत बांधून ठेवली होती. सकाळीं सावलींत कोरडी करून तापलेल्या कढईंत मूठमूठ टाकून कापडाच्या बोळ्यानें ती दाबीत होते. त्या वर्षीं गणंग फार पडले. सासूबाई म्हणाल्या, जाळ कमी पडला. सूनबाई कांहींच बोलल्या नाहींत. असा आरोप आपल्या स्वयंपाकघरांत किती सुनांनीं मुकाट्यानें ऐकून घेतला असेल, हें कोणत्या बखरींत लिहिलेलें असणार?

वास्तविक दाणा फुलतो तो आपल्या पोटांतील पाण्यामुळें. मक्याचें संशोधन विशेष झालें आहे, म्हणून तेंच उदाहरण घेऊं. लाहीच्या मक्यांत शेंकडा सुमारें चौदा भाग पाणी असावें लागतें. उष्णतेनें त्याची वाफ होते, पण घट्ट टरफल तिला बाहेर जाऊं देत नाहीं. उष्णता १८० अंश सेल्सिअसच्या सुमारास पोंचली म्हणजे आंतील दाब बाहेरील हवेच्या सुमारें नऊपट होतो, टरफल फाटतें, आणि आंतील मऊ झालेलें पिष्ट एकदम फुगून जागच्या जागीं थिजतें. दाणा फार कोरडा असला तर वाफ पुरत नाहीं. फार ओला असला तर टरफल वेळेपूर्वींच उलतें आणि लाही गिड्डी होते. भिजवून बांधून सुकविण्याची आपल्या बायकांची रीत हा तोल सांभाळण्यासाठींच आहे. उन्हाळ्यांत कणगींत वाळून गेलेल्या धान्यास ती गेलेला ओलावा परत देते.

मग इतकें करूनही गणंग कां? अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनीं २००५ सालीं मक्याचे चौदा वाण घेऊन हाच प्रश्न विचारला. न फुटलेल्या दाण्यांचें प्रमाण एका वाणांत शेंकडा ४, तर दुसऱ्यांत ४७ पर्यंत निघालें. भेद टरफलांत होता. चांगल्या वाणाच्या टरफलांतील तंतु तापल्यावर एकमेकांस घट्ट बिलगून ओलावा कोंडून धरतात. गणंगाच्या टरफलांतून तो हळूहळू झिरपून जातो. म्हणजे दाणा आळशी नव्हे, त्याचें भांडें गळकें होतें. ज्वारींतही जिचा गर कांचेसारखा कठीण ती चांगली फुलते, पिठाळ ती फुलत नाहीं. राहुरीच्या कृषि विद्यापीठानें लाह्यांसाठीं काढलेल्या वाणास 'फुले पंचमी' असें समर्पक नांव दिलें आहे. जाळाचा दोष कधींच नसतो असें आमचें म्हणणें नाहीं. पण दोष वाणाचा असतांना चुलीपाशीं बसलेलीस बोल लावणें हा अन्याय होय, आणि तो आम्हीं सासूबाईंस जमेल तितक्या नम्रपणें सांगून पाहिला.

त्यांनीं ऐकून घेतलें. मग सुपाच्या तळचे गणंग मुठीनें गोळा करून त्यांनीं जात्यांत टाकले. ते त्या कधींच फेंकून देत नाहींत, भरडून लाह्यांच्या पिठांत मिसळतात. त्या पिठास किंचित् करपट चव येते. गूळ व ताक घालून आम्हीं तें दोनदां मागून घेतलें.