मोटारीच्या ‘सेल्फ’ची कहाणी

पहाटेची वेळ असते. परगावी निघालेली मंडळी मोटारीत बसलेली असतात. चालक किल्ली फिरवितो आणि ‘टक्’ असा आवाज होतो. पुन्हा किल्ली, पुन्हा ‘टक्’. इंजिन मात्र हालत नाही. मग कोणी बॅटरीला दोष देतो, कोणी सेल्फला, तर कोणी निघण्याच्या मुहूर्ताला! या ‘टक्’चा अर्थ नीट उमगण्यासाठी शंभराहून अधिक वर्षे मागे जावे लागते.

पेट्रोलच्या इंजिनात एक जन्मजात उणीव आहे. त्याने आधी हवा व पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढावे, ते दाबावे, त्यावर ठिणगी पडावी, तेव्हा कोठे त्यास बळ येते. म्हणजे चालू होण्यापूर्वी त्याला दुसऱ्या कोणीतरी फिरविणे भाग असते. प्रारंभीच्या मोटारींत हे काम मनगटाच्या जोरावर होई. पुढल्या बाजूस लोखंडी हँडल घालून ते गरगर फिरवावे लागे. ठिणगी वेळेआधी पडली, तर इंजिन उलटा झटका देई आणि फिरविणाऱ्याचा हात मोडे. अंगठा हँडलभोवती गुंडाळू नये, तो बोटांच्याच बाजूस ठेवावा, ही जुन्या चालकांची शिकवण अशा मोडलेल्या हाडांतूनच निघालेली होती.

अमेरिकेतील मोटार-कारखानदार बायरन कार्टर १९०८ साली निवर्तले. एका बाईची बंद पडलेली गाडी चालू करून देताना हँडलचा तडाखा बसला आणि तेच त्यांच्या मृत्यूचे निमित्त झाले, अशी हकीकत परंपरेने सांगितली जाते. कॅडिलॅक कारखान्याचे प्रमुख हेन्री लेलँड यांच्या मनाला हा घाव लागला, असेही त्या हकीकतीत येते. हँडलावाचून गाडी चालू झाली पाहिजे, हा लेलँड यांचा आग्रह मात्र फळास आला. ते काम ओहायो प्रांतातील डेटन येथील चार्ल्स केटरिंग या तरुण अभियंत्याने अंगावर घेतले.

विजेच्या मोटरने इंजिन फिरविण्याची कल्पना नवी नव्हती. क्लाइड कोलमन यांना तसे पेटंट १९०३ सालीच मिळाले होते. अडचण होती ती आकाराची. इंजिन फिरवील एवढी बलवान मोटर गाडीत मावणार कशी? केटरिंग यांनी पूर्वी दुकानातील गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसविली होती. तेथे त्यांना एक मर्म गवसले होते. ज्या मोटरला क्षणभरच राबायचे आहे, ती लहान असली तरी चालते. तेवढा वेळ तिच्यावर कुवतीबाहेरचा भार टाकता येतो. हेच सूत्र त्यांनी मोटारगाडीला लावले. एडवर्ड डीड्स यांच्या कोठारात सहकाऱ्यांसह खटपट करून त्यांनी फेब्रुवारी १९११ मध्ये लेलँड यांना आपले यंत्र चालवून दाखविले. कॅडिलॅकच्या १९१२ सालच्या गाड्यांत ते बसविले गेले.

परिणाम दूरवर पोहोचला. मोटार चालविण्यास दणकट मनगट लागेनासे झाले. स्त्रियांना आणि वृद्धांना कोणाचा हात न धरता गाडी बाहेर काढता येऊ लागली. फोर्डच्या सुप्रसिद्ध ‘मॉडेल टी’लाही १९१९ पासून हे साधन मिळू लागले. पुढे १९४९ साली क्रायस्लर कंपनीने किल्ली फिरवूनच गाडी चालू करण्याची सोय आणली.

आता पुन्हा त्या ‘टक्’कडे वळू. किल्लीतून जाणारा प्रवाह अगदी थोडा असतो. तो सोलेनॉइड नावाच्या विद्युच्चुंबकाला जागे करतो. चुंबक आतला दांडा ओढतो. त्यामुळे लहान दातेरी चाक फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकते आणि जाड संपर्क जुळून शंभराहून अधिक अँपिअरचा प्रवाह मोटरकडे धावतो. ‘टक्’ हा दांडा सरकल्याचा आवाज. निरोप पोहोचला, पण काम झाले नाही, एवढेच तो सांगतो.

‘टक्‌टक्‌टक्’ असा झपाट्याने आवाज आला, तर बहुधा बॅटरी उतरलेली असते. भार पडताच तिचा दाब कोसळतो, चुंबक सुटतो. भार हटताच दाब सावरतो आणि चुंबक पुन्हा ओढतो. आवाज एकदाच आला, तर दिवे लावून पाहावे. किल्ली फिरविताच ते मालवू लागले, तर दोष बहुधा बॅटरीचा किंवा तिच्या टोकांवर चढलेल्या पांढऱ्या-हिरव्या क्षाराचा. क्वचित अडकलेल्या मोटरचा किंवा इंजिनाचाही. दिवे तसेच प्रखर राहिले, तर सोलेनॉइडचे संपर्क जळलेले असतात किंवा मोटरचे ब्रश झिजलेले असतात. चांगली भरलेली बारा व्होल्टची बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. नवी बॅटरी विकत आणण्यापूर्वी टोके घासूनपुसून घट्ट आवळून पाहावीत. पुष्कळदा एवढ्यावरच काम भागते.

आपल्याकडे ॲम्बॅसडरसारख्या गाड्यांसोबत हँडल बरीच वर्षे टिकून राहिले. सेल्फ रुसला की ते डिकीतून बाहेर निघे. आता हँडल गेले, पण ‘स्वयंचालक’ या अर्थाचा ‘सेल्फ’ हा शब्द गॅरेजच्या भाषेत पक्का रुजला आहे. तो रुसला म्हणजे प्रवास खोळंबतो, त्रागा होतो. पण कोणाचा हात मोडत नाही. त्या पहाटेच्या ‘टक्’वर चिडणाऱ्याने एवढे स्मरावे.